दिनविशेष : २३ जुलै
१९५२ : हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कराड तालुक्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. सुवर्ण जपानच्या शोहाची इशी यांना, रौप्य सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोव यांना मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

पदक तिसऱ्या क्रमांकाचेच, त्याचे एवढे कौतुक कशाला, असे म्हणणारे आहेत. पण चार वर्षांपूर्वी लंडनमध्ये हाच मल्ल फ्लायवेट गटात सहावा आला होता. सहाव्यावरून तिसरा, तोही वरच्या वजनगटात! लाल मातीतला पैलवान मॅटवर टिकत नाही, या समजाला इतके चोख उत्तर दुसरे नाही. तो अपवाद होता, नाहीतर कुस्तीतल्या पुढच्या पदकाला २००८ का उजाडावे, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. तरीही सुशील कुमार यांच्या त्या पदकानंतर २०२४पर्यंत प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये भारतीय मल्लांनी पदक आणले. म्हणजे खोट अंगच्या गुणांत नव्हती. मॅट, प्रशिक्षक आणि परदेशातल्या लढतींचा सराव मिळण्यात होती. महाराष्ट्राने तर कुस्तीत खाशाबांचा वारस अजून दिलेला नाही. राज्याला दुसरे वैयक्तिक पदक ७२ वर्षांनी, पॅरिसमध्ये मिळाले, तेही कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांच्या नेमबाजीतून. खाशाबांचे १९८४ मध्ये अपघाती निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला.