जस्ताच्या तांदळाचा वंश

शिवनाथ नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेला छत्तीसगढमधल्या दुर्गचा मुलूख धानाचा आहे. तांदुळा धरणाचे पाणी शंभर वर्षांपासून इथल्या बांध्यांत खेळते आहे. 1955 नंतर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. त्याला लागणारे खनिज दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून येते, आणि 2012 मध्ये बालोद जिल्हा वेगळा होईपर्यंत त्या खाणीही दुर्गमध्येच होत्या. डोंगरात लोह आणि शेतात धान, दोन्ही मुबलक. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत छत्तीसगढमधल्या 15 ते 49 वयोगटातल्या 60.8 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांपैकी चौतीस-पस्तीस मुलांची उंची वयाला साजेशी नव्हती. या मुलांच्या ताटात भात असतो. त्या भातात जे असायला हवे, ते पुरेसे नसते.

या उणिवेवरचा एक उपाय दुर्गपासून चाळीस किलोमीटरवर, रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात तयार झाला. 2015 मध्ये तिथून 'छत्तीसगढ झिंक राईस-1' हा धानाचा वाण बाहेर पडला. या कामाचे नेतृत्व डॉ. गिरीश चंदेल यांनी केले. पुढे ते याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. देशात नेहमी पिकणाऱ्या वाणांच्या पॉलिश केलेल्या तांदळात किलोमागे 12 ते 16 मिलिग्रॅम जस्त असते. या वाणात ते 22 ते 24 मिलिग्रॅमपर्यंत गेले, तेही जनुक बाहेरून न घालता, नेहमीच्या संकर-निवडीच्या वाटेने. हे जस्त डोळ्यांना दिसत नाही, शिजवताना जाणवत नाही. म्हणूनच हा दाणा कुठून आला आणि कुठे पोहोचायचा राहिला, हे मुळापासून पाहायला हवे.

त्याचे पहिले मूळ इराणात सापडते. बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद 1958 मध्ये शिराझच्या रुग्णालयात काम करत होते. त्यांच्यासमोर 21 वर्षांचा एक तरुण आला. दिसायला तो दहा वर्षांच्या मुलाएवढा होता, वयात आल्याच्या खुणा शरीरावर नव्हत्या, रक्त कमालीचे कमी होते. मांस त्याला मिळत नव्हते. कोंड्यासकटच्या पिठाची रोटी हे त्याचे जेवण, आणि सोबत तो माती खात असे. रक्तक्षयाचे कारण लोहाची उणीव, हे ठरलेले उत्तर होते. पण लोहाच्या उणिवेने वाढ अशी खुंटत नाही. जस्ताअभावी असे होत असावे, असा तर्क प्रसादांनी 1961 मध्ये मांडला. त्यानंतर इजिप्तमधल्या तशाच तरुणांच्या शरीरातले जस्त मोजून त्यांनी तो पक्का केला. जस्त दिल्यावर ती मुले उंच झाली, वयात आली. माणसाला जस्त कमी पडू शकते, हे तोवर वैद्यकशास्त्र मान्य करत नव्हते.

त्या रोटीत जस्त नव्हते असे नाही. धान्याच्या कोंड्यातले फायटेट जस्ताला बांधून ठेवते आणि आतड्याला ते घेता येत नाही. ज्या घरात जेवण म्हणजे एकच धान्य आणि दूध, अंडी, मासळी, मांस क्वचित, त्या घरात ही उणीव मुक्कामाला असते. ती आजाराच्या नावाने ओळखू येत नाही. मूल वारंवार जुलाबाने बेजार होते, जखम लवकर भरत नाही, उंची मागे राहते. जुलाब झालेल्या मुलाला ओआरएससोबत 10 ते 14 दिवस जस्ताची गोळी द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ 2004 पासून सांगत आहेत. आपल्या अंगणवाडीत आणि आशाताईंच्या पिशवीत आलेल्या त्या गोळीची सुरुवातही शिराझच्या त्या तरुणापाशीच होते.

दुसरे मूळ मातीत आहे. प्रसादांचे संशोधन ताजे असतानाच हिमालयाच्या पायथ्याशी, पंतनगरच्या कृषी विद्यापीठात य. ल. नेने एका वेगळ्याच दुखण्याचा माग काढत होते. तराईतल्या धानाच्या पानांवर काताच्या रंगाचे डाग पडत, रोप खुरटे, पीक बसे. लोक या रोगाला 'खैरा' म्हणत. बुरशी, विषाणू यांचा शोध चालू होता. नेने यांनी 1966 मध्ये दाखवून दिले, की हा रोग जंतूचा नव्हे, जस्ताच्या उणिवेचा आहे. जस्त सल्फेट दिले की शेत सावरते. पाच-सहा वर्षांच्या अंतराने माणसाचे आणि धानाचे दुखणे एकाच धातूपाशी येऊन थांबले, आणि दोन्हीकडे वाढ खुंटणे हेच त्याचे पहिले लक्षण होते.

दुर्गच्या शेतकऱ्याला आपली माती नावाने ठाऊक असते. मुरमाड ती भाठा, पिवळसर ती मटासी, त्याहून भारी ती डोरसा आणि काळी चिकण ती कन्हार. कन्हारीत चुना जास्त, आणि चुनखडीच्या मातीत जस्त असूनही मुळांच्या हाती लागत नाही. त्यात धानाची बांधी आठवडेच्या आठवडे पाण्याखाली असते. साचलेल्या पाण्यातही जस्त मातीला धरून बसते. अधिक उत्पन्नाचे वाण आले तसे दर हंगामात दाण्यांवाटे जस्त उचलले जाऊ लागले, आणि खत म्हणून परत गेले ते मुख्यतः नत्र, स्फुरद, पालाश. देशभरातल्या तपासण्यांत साधारण एक तृतीयांशाहून अधिक मातीत जस्त कमी आढळले आहे. मातीत उणे ते दाण्यात उणे, आणि दाण्यात उणे ते मुलात उणे.

तिसरे मूळ सगळ्यात खोल गेलेले आहे. ते छत्तीसगढच्या शेतकऱ्यांनी शतकानुशतके राखलेल्या वाणांचे. नवा वाण घडवायचा तर निवडायला आधी वेगळेपण हवे. सगळे दाणे सारखेच असतील तर पैदासकाराचे हात रिकामे. या भागात ते वेगळेपण अफाट होते. दुबराज, जिराफूल, विष्णुभोग, सफरी, गुरमटिया ही त्यांतली चार-पाच नावे. लोकांनी दाण्यांना गुणही जोडले होते. बाळंतिणीला महाराजी, सांधे धरले तर गठुवन, त्वचेच्या विकारांवर लायचा. अन्न आणि औषध यांची फारकत न करणारी ही जाण होती.

हा ठेवा गोळा केला डॉ. राधेलाल रिछारिया यांनी. ते 1959 पासून कटकच्या मध्यवर्ती भात संशोधन संस्थेचे संचालक होते. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेकडे देशी वाण सोपवण्याला आणि तिथले बुटके वाण पुरेशी पारख न करता इथे आणण्याला त्यांनी विरोध केला, आणि 1967 मध्ये त्यांना ती खुर्ची सोडावी लागली. पुढे मध्य प्रदेश सरकारने त्यांना रायपूरच्या भात संशोधन संस्थेत बोलावले. 1971 ते 1978 या काळात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून धानाचे वाण गोळा केले. त्यांची संख्या 19,000 च्या घरात गेली. कोणत्या गावचा, किती दिवसांचा, कशासाठी खातात, अशा नोंदी त्यांनी ठेवल्या. 1978 मध्ये रायपूरची ती संस्थाच बंद करण्यात आली. रिछारियांचे काम थांबले, पण बियाणे उरले, आणि 1987 मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाकडे आले. आज त्या संग्रहात 23,000 हून अधिक वाण आहेत.

2002 मध्ये हा संग्रह पुन्हा पणाला लागला. हे वाण वापरू देण्यासाठी सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी विद्यापीठाचा करार होऊ घातला होता. बातमी फुटताच शेतकरी, कार्यकर्ते आणि शास्त्रज्ञ रस्त्यावर आले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कंपनीने माघार घेतली. जस्ताच्या तांदळाच्या इतिहासात हा प्रसंग मला वाणाच्या प्रसारणाइतकाच मोलाचा वाटतो. एखाद्या दाण्यात जस्त जास्त आहे हे कळण्यासाठी आधी तो दाणा लोकांच्या मालकीचा आणि जिवंत असावा लागतो.

चौथे मूळ एका कल्पनेचे. 1990 च्या दशकात अमेरिकी अर्थतज्ज्ञ हॉवर्थ बुइस हे पैदासकारांना विचारत होते, की गरिबाच्या रोजच्या धान्यातच खनिजे वाढवता येतील का? गोळी दर महिन्याला पोहोचवावी लागते, बियाणे एकदा पोहोचले की दरवर्षी उगवते. यातून 2003 मध्ये हार्वेस्टप्लस हा जागतिक कार्यक्रम सुरू झाला, आणि 2016 मध्ये बुइस यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तांदळाच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी लोहाऐवजी जस्त निवडले, त्याला गिरणी कारण आहे. तांदळातले बरेचसे लोह दाण्याच्या वरच्या थरांत असते. तांदूळ पांढरा केला की ते कोंड्यात जाते. जस्त दाण्याच्या आतपर्यंत मुरलेले असते, म्हणून पॉलिश केल्यावरही बरेच शिल्लक राहते. जस्ताचा पहिला तांदूळ 2013 मध्ये बांगलादेशाने शेतकऱ्यांना दिला. दोन वर्षांनी रायपूर आले. 2018 मध्ये याच विद्यापीठाचा 'झिंको राईस एमएस' आला. त्यात किलोमागे 27.4 मिलिग्रॅम जस्त, मुदत 112 दिवस आणि हेक्टरी 58 क्विंटल उत्पन्न.

महाराष्ट्रात याच कल्पनेला बाजरीची फांदी फुटली. टोगो देशातल्या बाजरीतून इक्रिसॅट या संशोधन संस्थेने निवडलेला वाण 1988 पासून महाराष्ट्रात पिकत होता. त्यातूनच जास्त लोहाची रोपे वेचून 'धनशक्ती' घडली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या साथीने ती 2012 मध्ये राज्यात आणि 2014 मध्ये देशभर आली. किलोमागे 71 मिलिग्रॅम लोह. नगर जिल्ह्यातल्या 12 ते 16 वर्षांच्या शाळकरी मुलांना तिची भाकरी देऊन पाहिली, तेव्हा लोहाची उणीव असलेल्या मुलांची स्थिती साध्या बाजरीच्या तुलनेत लवकर सुधारली. परभणीहून 2018 मध्ये लोह आणि जस्त दोन्ही वाढवलेली 'परभणी शक्ती' ज्वारी आली.

जस्ताच्या तांदळाची कसोटी अधिक कठीण निघाली. बांगलादेशात एक ते तीन वर्षांच्या मुलांना नऊ महिने हा तांदूळ देऊन पाहिले, तेव्हा रक्तातल्या जस्तात ठळक फरक पडला नाही. एवढी लहान मुले भात थोडा खातात आणि साध्या तांदळापेक्षा वाढलेले जस्तही मर्यादित असते. दिल्लीत जस्तयुक्त गव्हाच्या पिठावर सहा महिने ठेवलेल्या मुलांमध्ये मात्र आजारपणाचे दिवस कमी झाले. हिशेब साधा आहे. रोज 400 ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या माणसाला 14 मिलिग्रॅमच्या तांदळातून 5.6 मिलिग्रॅम जस्त मिळते, 24 मिलिग्रॅमच्या तांदळातून 9.6. हे चार मिलिग्रॅम खरे आहेत, पण डाळ, भाजी, अंडे, मासळी यांची जागा ते घेऊ शकत नाहीत. माती उपाशी असेल तर तेही हाती येत नाहीत, कारण एकाच वाणाचे जस्त शेताशेतात बदलते. छत्तीसगढच्या घरांत रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी त्या पाण्यासकट बासी म्हणून खातात. आंबवण्याने फायटेट घटते, हे ध्यानात घेतले तर ही जुनी रीत नव्या दाण्याची चांगली सोबतीण ठरावी.

आणि मग माग तुटतो तो धान खरेदी केंद्रावर. सरकार हमीभावाने धान घेते तेव्हा प्रतवारी दोनच: साधारण आणि अ श्रेणी. 2023-24 पासून छत्तीसगढमध्ये क्विंटलला 3100 रुपये आणि एकरी 21 क्विंटलपर्यंत खरेदी असा नियम आहे. या व्यवस्थेने शेतकऱ्याला मोठा आधार दिला, पण तिच्या काट्याला फक्त वजन कळते. जस्ताचे धान तिथे इतर धानात मिसळते, त्याच गिरणीत जाते, आणि कुणाच्या तरी शिध्यात ओळख हरवून पोहोचते. जादा भाव नाही, म्हणून शेतकऱ्याने जस्ताचा वाणच लावावा असे कारणही उरत नाही.

दरम्यान सरकारने दुसरी वाट धरली. 2021 च्या स्वातंत्र्यदिनी घोषणा झाली आणि शिध्याच्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल व बी-12 घातलेले कारखानी दाणे शंभरास एक या प्रमाणात मिसळू लागले. लोकांपर्यंत पोहोचण्याचा वेग या वाटेला आहे. पण सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांनी लोहयुक्त अन्नाबाबत जपावे, असा इशारा तज्ज्ञांनी दिला होता, आणि सिकलसेल छत्तीसगढच्या अनेक समाजांत घरोघरी ठाऊक आहे. शिवाय तो दाणा दरवर्षी विकत घ्यावा लागतो. शेतात उगवणारा जस्ताचा दाणा शेतकऱ्याला कोठीत राखता येतो, शेजाऱ्याला देता येतो, पुन्हा पेरता येतो.

धान विकत घेणारे सरकार आणि अंगणवाडीत जेवू घालणारे सरकार एकच आहे. म्हणून उपायही त्याच्याच हाती आहे. जस्ताच्या धानाला तिसरी प्रत द्यावी, क्विंटलमागे थोडा जादा भाव द्यावा. जिल्ह्यातल्या एक-दोन गिरण्यांत ते वेगळे भरडावे आणि त्याच जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांत, शाळांत, गरोदर बायांच्या शिध्यात द्यावे. सोबत शेताला जस्त सल्फेट द्यावे, आणि मुलांची उंची, आजारपण यांची नोंद ठेवून फरक पडतो का ते प्रामाणिकपणे पाहावे. सुरुवातीला दुर्गसारखा एक जिल्हा पुरे.

या दाण्याच्या वंशात शिराझचा एक आजारी तरुण आहे, तराईतले खुरटलेले धान आहे, खुर्ची गमावून वाण वाचवणारा एक शास्त्रज्ञ आहे, आणि तो संग्रह विकू न देणारे सामान्य लोक आहेत. हे सगळे काम सार्वजनिक पैशातून आणि सार्वजनिक राखणीतून झाले. त्याचे फळ ज्या मुलांसाठी आहे, त्यांच्या ताटापर्यंत ते नेणे हे उपकाराचे काम नाही. ते त्यांचे देणे आहे.