आर्किटेक्टचा देव झाला, त्याची गोष्ट

‘तुझा विषय नेमका काय?’ असं कोणी विचारलं की मी म्हणते, मालगुजारी इस्टेटींचे आर्किटेक्ट. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच वाडे येतात. पण आपल्या गोंदियाकडे गावाचा खरा आराखडा ठरला तो तलावावरून.

नवेगावबांध घ्या. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, असं मानतात. जागा कशी हेरली बघा: भोवती डोंगर आहेतच, मग पाळ घालायची ती फक्त मधल्या खिंडींत. कमी मातीत जास्त पाणी! वर सांडवा, खाली धान आणि ऊस. नकाशा कागदावर नाही, उतार वाचणाऱ्या नजरेत.

आता गंमत पाहा. इंग्रजांच्या बंदोबस्ताने नोंदवला तो मालक आणि सारा, बांधणारा नाही. कोलू पाटील उरले ते लोकांच्या श्रद्धेत, कोलासूर देव म्हणून. भोवतालचे डोंगर म्हणजे ‘सात बहिणी’. त्यांनी बांधकामाला हात लावला म्हणे. म्हणून मला दंतकथाही दस्तऐवजासारखी वाचावी लागते.

1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. नाव पडलं माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’ तलाव. म्हणजे नावातही मालकच! गाळ साचत गेला, आणि गाळाखाली ती नजरही. पुढच्या वेळी पाळीवर उभे राहाल, तेव्हा नुसतं पाणी बघू नका, उतार बघा.