पाहण्याची ठिकाणं आणि ती राखणारी माणसं : सातारा-सांगलीची तीन उदाहरणं

पाहुणे आले की विचारतात, "तुमच्याकडं पाहण्यासारखं काय आहे?" आपण लगेच यादी सांगतो : अजिंक्यतारा, सज्जनगड, कास, ठोसेघर, सांगलीचा गणपती, सागरेश्वर, दंडोबा. यादी बरोबरच आहे. पण ही ठिकाणं उभी कशी राहिली आणि टिकली कशी, ते आपण क्वचितच सांगतो. आज तीन ठिकाणांच्या निमित्तानं तेवढंच पाहू.

दोन्ही जिल्हे आपण एकत्र घेतले, त्याला कारण आहे. १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचा दक्षिण भाग आणि सांगली, मिरज, जत या संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून तर यशवंतराव चव्हाण १९१३ साली सातारा जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी जन्मले आणि आज ते गाव सांगली जिल्ह्यात आहे.

पहिलं ठिकाण, साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधवली. काम शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळातलं. अष्टकोनी विहीर, सुमारे ११० फूट खोल, आणि वर चक्क छोटा महाल. आपण महालाचे फोटो काढतो. पण मुळात ही आहे पाणी उपसायची सोय! बैल धावेवरून उतरायचे, मोट वर यायची, पाणी थारोळ्यात पडायचं आणि पाटानं आमराईला जायचं. बारा मोटा एकदम चालायच्या म्हणजे किती बैल, किती माणसं, किती कातडं आणि नाडे लागत असतील, याचा हिशेब करून बघा. वीरूबाईंचं नाव राहिलं. मोट हाकणाऱ्यांचं एकही नाव आपल्याला सांगता येत नाही.

दुसरं सागरेश्वर. प्राचीन मंदिरांचा समूह आणि शेजारी डोंगरावर अभयारण्य. आपण त्याला निसर्ग म्हणतो, पण हे जंगल माणसांनी लावलेलं आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं उभी करण्यासाठी वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी आयुष्य वेचलं. १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र जेमतेम ११ चौरस किलोमीटर. चितळ, सांबर वाढले. आता हरणं आसपासच्या पिकात उतरतात, अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे. हरीण दिसलं की आपण खूश होतो, पण त्यानं खाल्लेला ऊस कुणाचा तरी असतो.

तिसरं कास. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात कास आलं. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, आणि पावसाळ्याच्या शेवटी त्यावर फुलांचे गालिचे. त्यावर पाऊल पडलं की फूल तर जातंच, मातीही दबते. गर्दी वाढली तसं तिथं कुंपण घातलं गेलं. त्यामुळं गुरांची चराई थांबली. स्थानिक लोक म्हणू लागले की गवत माजलं आणि फुलं कमी झाली. पुढं ते कुंपण काढण्यात आलं. आपण गुरांना फुलांचे शत्रू समजत होतो. पिढ्यान्‌पिढ्या तिथं गुरं चारणाऱ्यांना मात्र पठाराची रीत ठाऊक होती. त्यांना आधी विचारलं असतं तर?

मित्रहो, तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसते. विहीर शेतीसाठी खोदली, जंगल हातानं लावलं, पठार गावांच्या वापरात राहिलं. पर्यटन त्यानंतर आलं. ते यावंच, त्यातून गावात चार पैसे येतात. पण मोडतोड, कचरा आणि पिकाचं नुकसान गावाच्या वाट्याला आणि फोटो तेवढे आपल्या वाट्याला, ही वाटणी फार दिवस चालणार नाही. ज्यांना परवडत नाही, ते राखणं सोडून देतात.

तेव्हा पुढच्या वेळी लिंबला जाल तर विहिरीत उतरण्याआधी वर थांबा. बैल कुठून चालत असतील, पाणी कुठं जात असेल, ते गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. मोट चालताना पाहिलेली पिढी आता थोडीच उरली आहे.