मोडत्या घराच्या दाराशीं

घरांतलीं भांडणें वेशीला टांगूं नयेत, ही शिकवण लहानपणापासून प्रत्येकाच्या कानांवर पडलेली असते. चार भिंतींच्या आंत जें घडतें तें तेथेंच मिटावें, वडीलधाऱ्यांनीं दोन शब्द सांगावे, आणि इतक्यानेंहि न मिटलें तर निमूटपणें सोसावें, असा जुना शिरस्ता होता. गांवांत आणि एकत्र कुटुंबांत तो बराचसा चालूनहि जाई. कारण मध्यस्थी करावयास काका, मामा, शेजारी हाताशीं असत. परंतु एकोणिसाव्या शतकांत कारखान्यांचीं शहरें वाढलीं, माणसें आपलें गांव सोडून अनोळखी वस्त्यांत येऊन राहिलीं, आणि मध्यस्थी करणारें माणूस मागेंच राहिलें. घरधनी दारूच्या नादीं लागला किंवा एके दिवशीं उठून निघून गेला, आई अंथरुणाला खिळली, तर अशा घराच्या दाराशीं कोणी जावयाचें? आणि जाणाऱ्या परक्या माणसानें उंबरठा ओलांडावयाचा तो कोणत्या नात्यानें? दात्याच्या, न्यायाधीशाच्या, कीं शेजाऱ्याच्या? कुटुंबसाहाय्याचा आधुनिक इतिहास हा बव्हंशीं याच प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आहे.

या प्रश्नाला एक नामांकित उत्तर जर्मनींतील एल्बरफेल्ड या कापडउद्योगाच्या शहरानें १८५३ सालीं दिलें. आज हें शहर वुपर्टाल नगरींत सामावलेलें आहे. तेथें शहराचे लहान लहान विभाग पाडून प्रत्येक विभाग एकेका नागरिकाकडे सोंपविण्यांत आला. हें काम बिनपगारी असे. एका माणसाकडे फार तर चार कुटुंबें द्यावयाचीं, मदत दोन आठवड्यांपुरतीच मंजूर करावयाची, आणि मुदत संपतांच पुन्हां त्या घरीं जाऊन परिस्थिति पाहावयाची, असा दंडक होता. गरिबांवरील खर्च आटोक्यांत ठेवावा हाहि या योजनेमागील एक हेतु होता, हें खरें. परंतु चार घरांपलीकडे एका माणसाला नीट लक्ष पुरवितां येत नाहीं, ही जाण त्यांत होती, आणि ती मोलाची होती.

लंडनमध्यें १८६९ सालीं दानधर्माच्या संघटनेसाठीं एक मंडळी स्थापन झाली. तिचेंच अनुकरण १८७७ सालीं अमेरिकेंतील बफेलो शहरांत झालें. एकच माणूस चार ठिकाणीं हात पसरतो आणि खरा गरजू मात्र उपाशी राहतो, हें टाळावें, यासाठीं घरोघर चौकशी सुरू झाली. सुखवस्तु घरांतील स्त्रिया गरिबांच्या घरीं स्नेहभावानें जाऊं लागल्या. भिक्षेपेक्षां मैत्री द्यावी, हा त्यांचा बाणा होता. परंतु या मैत्रीच्या हातांत एक तराजू असे. कुटुंब मदतीस लायक कीं नालायक, हें आधीं ठरावयाचें. नालायकीचीं कारणें शोधावयाचीं तीं आळस, उधळेपणा आणि व्यसन यांत. अपुरी मजुरी, यंत्रावर झालेला अपघात, दमट खोलींत जडलेला क्षय, हीं कारणें त्या मानानें मागें पडत. ज्या बाईला दोन वेळच्या भाकरीची भ्रांत, तिला काटकसरीवर व्याख्यान मिळे.

हा तराजू बाजूला ठेवण्याची वाट ज्यांनीं दाखविली त्यांत मेरी रिचमंड या बाईंचें नांव अग्रगण्य आहे. १८६१ सालीं जन्मलेल्या या बाई लहानपणींच पोरक्या झाल्या आणि बाल्टिमोर शहरांत आजीजवळ वाढल्या. १८८९ सालीं त्या तेथील दानसंघटनेंत साहाय्यक खजिनदार म्हणून नोकरीस लागल्या. हिशेब पाहतां पाहतां त्यांचें लक्ष माणसांकडे वळलें. केवळ कळवळा असून भागत नाहीं, या कामाला शिक्षण हवें, असा आग्रह त्यांनीं १८९७ सालीं जाहीरपणें धरला. आणि पुढच्याच वर्षीं न्यूयॉर्कमध्यें सहा आठवड्यांचा उन्हाळी अभ्यासवर्ग सुरू झाला. समाजकार्याच्या विद्यालयीन शिक्षणाचा हा एक उगम होय.

१९१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'सोशल डायग्नोसिस' या ग्रंथानें वैद्याचा शब्द समाजकार्यांत आणला. वैद्य रोग्याला दोष देत नाहीं. तो आधीं निदान करतो. कुटुंबाचेंहि निदानच करावयास हवें, असें त्यांचें म्हणणें. त्यासाठीं घरांतील माणसें, नातेवाईक, शिक्षक, डॉक्टर, मालक, कागदपत्रें या सर्वांकडून माहिती घ्यावयाची. मात्र प्रत्येकाच्या सांगण्याचें वजन निराळें धरावयाचें. रागावलेल्या सासूचा शब्द आणि शाळेच्या हजेरीपटांतील नोंद एका मापानें मोजून चालत नाहीं. यांतून "हें घर लायक आहे काय?" या प्रश्नाच्या जागीं "या घरांत काय झालें, आणि त्याच्यापाशीं उभें राहण्यास कोणतें बळ शिल्लक आहे?" हा प्रश्न आला.

या फरकाची कसोटी टाकलेल्या बायकांच्या बाबतींत लागली. अमेरिकेंतील शहरांत बायकामुलांना वाऱ्यावर सोडून पसार होणाऱ्या पुरुषांची संख्या चिंतेचा विषय झाली होती. अशा बाईला मदत दिली तर इतर नवरेहि निर्धास्तपणें पळतील, या भीतीनें दानसंस्था पूर्वीं हात आखडता घेत. म्हणजे अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला. पुढें शोध घेऊन खेंचून आणण्याचा मार्ग आला. १९११ सालीं ज्यू समाजाच्या संस्थांनीं पसार नवऱ्यांच्या शोधासाठीं एक राष्ट्रीय कचेरी उघडली, आणि न्यूयॉर्कच्या 'फॉरवर्ड' या यिद्दिश दैनिकांत अशा नवऱ्यांचीं छायाचित्रें छापलीं जाऊं लागलीं. जोआना कोलकॉर्ड यांनीं १९१९ सालीं 'ब्रोकन होम्स' या पुस्तकांत या प्रश्नाचा स्वतंत्र विचार केला. पळालेल्या माणसाला गांठून त्याची बाजू ऐकल्यावांचून चित्र पुरें होत नाहीं, हें त्यांतून पुढें आलें. त्याला निर्दोष ठरविण्यासाठीं हें ऐकणें नव्हतें. बळेंच घरीं आणून बसविलेला नवरा संधि सांपडतांच पुन्हां निघून जाऊं शकतो. म्हणून तो कां गेला, हें समजणें अवश्य होतें.

परंतु समजूतदारपणानें चूल पेटत नाहीं. केवळ गरिबीपायीं मुलांना आईपासून तोडूं नये, असें १९०९ सालीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं व्हाइट हाउसमध्यें भरविलेल्या परिषदेंत ठरलें. १९११ सालीं इलिनॉय संस्थानानें निराधार मातांना सरकारी वेतन देण्याचा कायदा केला आणि पाहतां पाहतां तो बहुतेक संस्थानांत पसरला. विशेष हें कीं, मेरी रिचमंड यांचा अशा सरकारी वेतनाला विरोध होता. केवळ पैसा वांटला जाईल आणि घरांत डोकावून पाहणारें जाणतें माणूस नाहींसें होईल, ही त्यांची धास्ती. ती अगदींच अनाठायीं नव्हती. परंतु काळानें कौल दिला तो हक्काच्या बाजूनें. भुकेल्या घराला स्नेही हवा असतो, पण त्याआधीं धान्य हवें असतें, आणि तें कोणाच्या मर्जीवर अवलंबून असूं नये.

हा विचार मुंबईंत पोंचला तो नागपाड्याच्या वाटेनें. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशर्ट यांनीं १९२०-३० च्या दशकांत तेथें 'नेबरहुड हाउस' चालविलें. त्याच्या नांवांतच शेजार होता. तेथूनच १९३६ सालीं सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघालें. १९४४ सालीं त्याचें नांव टाटा सामाजिक विज्ञान संस्था असें झालें. १९३७ सालीं मुलांच्या मानसिक अडचणींसाठीं मार्गदर्शन केंद्र उघडलें, तेव्हां हट्टी किंवा मुक्या झालेल्या मुलाचें दुखणें कित्येकदां मोठ्यांच्या बेबनावांत असतें, हा विचार या शहरांत रुजूं लागला.

१९८४ सालीं याच संस्थेनें मुंबई पोलिसांच्या सहकार्यानें स्त्रिया व मुलांसाठीं विशेष कक्ष सुरू केला, आणि तोहि पोलिसांच्याच आवारांत. यांत मोठा अर्थ होता. जेथें मारहाण आहे तेथें दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून गोड बोलणें म्हणजे दुबळ्याला पुन्हां त्याच खोलींत कोंडणें होय. शेजाऱ्याच्या पाठीशीं कायदा उभा असला तरच त्याच्या शब्दाला धार येते. त्याच वर्षीं कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला. २००५ सालीं घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा कायदा आला, आणि घरांत राहण्याचा स्त्रीचा हक्क त्यानें मान्य केला.

दाता, न्यायाधीश आणि शेजारी यांपैकीं कोणाहि एकाकडून मोडतें घर सांवरलें गेलें नाहीं, असेंच हा इतिहास सांगतो. दात्याची देणगी हक्क झाली, न्यायाधीशाचा दंडुका दुबळ्याच्या रक्षणाला आला, आणि शेजाऱ्याचा कळवळा अभ्यासानें डोळस झाला, तेव्हां कोठें मदतीला खरें रूप आलें. घरांतलें दु:ख वेशीला टांगूं नये, हें खरेंच. परंतु तें दाराआड कुजूंहि देऊं नये. दार वाजविणारा माणूस प्रथम ऐकावयास आला आहे अशी खात्री पटली, म्हणजे आंतली कडी आंतूनच निघते.