राखणदाराची भाकरी

दिवाळीच्या फराळासाठी रवा चाळायला घेतला, की एखाद्या घरात हटकून गृहिणीच्या कपाळाला आठी पडते. रव्याला जाळी लागलेली असते. कण रेशमासारख्या धाग्यांनी एकमेकांना चिकटलेले असतात आणि त्यांत एक मळकट पांढरी अळी वळवळत असते. डबा उन्हात जातो आणि अळी कोंबडीच्या पुढ्यात. या अळीसाठी कोणी मुद्दाम ज्वारी भरडून ठेवतो असे सांगितले, तर घरची मंडळी हसतील. परंतु ही गोष्ट खरी आहे आणि ती आपल्या उसाच्या इतिहासातली आहे.

हौशी माणसे काचेच्या पेटीत मोठाले कोळी पाळतात, आणि त्या कोळ्यांच्या पोटासाठी दुसऱ्या पेटीत रातकिडे वाढवतात. एक जीव पाळायचा म्हणजे त्याचे भक्ष्यही पाळणे आले. हौसेचा हा हिशेब शेतीत आला तो गरजेपोटी.

आमच्या कोडोलीच्या शिवाराला वारणेचे पाणी. तात्यासाहेब कोरे यांनी शेजारी वारणानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि लेकीचे लग्न काय, मुलाची फी काय, सारे उसाच्या बिलावर ठरू लागले. त्या उसाचा जुना वैरी खोडकिडा. त्याची अळी एकदा उसाच्या पोटात शिरली, की तिच्यापर्यंत औषध पोचणे कठीण. तिला अंड्यातच गाठायला हवे. हे काम करते ट्रायकोग्रामा नावाची माशी. गांधीलमाशीच्या गोतातली, पण अंगाने जेमतेम अर्धा मिलिमीटर! ती किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते. तिचे पिल्लू ते अंडे आतून खाऊन वाढते आणि आठवडाभरात नवी माशी बाहेर पडते.

पण अशा लाखो माश्या आणायच्या कोठून? १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियात स्टॅन्ले फ्लँडर्स या कीटकशास्त्रज्ञाने धान्यातल्या पतंगाच्या अंड्यांवर त्या वाढवण्याची रीत बसवली. आपल्याकडे त्या कामी आला तो आपल्या रव्यातलाच पतंग. पेटीत ज्वारीचा भरडा घालून त्यावर त्याची अंडी पेरतात. सुमारे चाळीस दिवसांनी पतंग निघू लागतात. त्यांनी घातलेली अंडी चाळून घेतात, अतिनील प्रकाशाने त्यांतला जीव मारतात आणि डिंकाने कागदावर चिकटवून ती ट्रायकोग्रामापुढे ठेवतात. तळहाताएवढ्या कार्डावर सुमारे २०,००० अंडी मावतात. ती काळी पडली, की कार्डाचे तुकडे उसाच्या पानांखाली टाचायचे. काही साखर कारखान्यांनी यासाठी स्वतःच्या प्रयोगशाळा काढल्या. तेथे जीव जपायचा तो भक्ष्याचा. ब्रेकॉन नावाची दुसरी एक माशी शिरली, तर ती भरड्यातल्या अळ्यांचा फडशा पाडते. मग अंडी नाहीत, कार्डे नाहीत, शिवाराला राखणही नाही.

या हिशेबाची खरी परीक्षा २००२ साली झाली. त्या जुलैत वारणेपलीकडच्या सांगली जिल्ह्यात उसावर पांढरा लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता कोल्हापूर, सातारा, पुणे करीत तो कर्नाटकातही पसरला. पानांच्या पाठी कापूस पिंजून टाकल्यासारख्या दिसू लागल्या. चिकटा गळून खालची पाने काळ्या बुरशीने माखली. या माव्याच्या माद्या नराविना थेट पिलांनाच जन्म देतात. तेव्हा वाढीला उसंत कसली? घाबरलेला शेतकरी डोक्यावर गेलेल्या उसात पंप घेऊन शिरला. औषधाने मावा मेला, तशी त्याला खाणारी डिफा पतंगाची अळी आणि मायक्रोमस हा मित्रकीटकही मेला. मावा पुन्हा आला. मित्र लवकर आले नाहीत.

तेव्हा शास्त्रज्ञांनी उलटी वाट धरली. मावा पडलेल्या उसावर जाळीचा मांडव घालून त्यात डिफा सोडायची, तिला पोटभर मावा खाऊ द्यायचा आणि वाढलेल्या अळ्या पानांसकट दुसऱ्या फडात न्यायच्या. ज्या किडीने झोप उडवली, तीच मांडवाखाली राखायची! कर्ज काढून ऊस लावलेल्या माणसाला हे पटणे सोपे नव्हते. पुढे एकदा आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी या दिवसांविषयी बोलत होतो. त्यांनी बांधाकडच्या चार सऱ्या मुद्दाम फवारल्या नव्हत्या. मी कारण विचारले, तर म्हणाले, “मास्तर, राखणीला कुत्रं पाळायचं, तर त्याला भाकरी टाकाय नको व्हय?”

दोन-तीन वर्षांत माव्याचा जोर ओसरला, त्यात या मित्रकीटकांचा वाटा मोठा होता. पण मावा समूळ गेलेला नाही, आणि तो समूळ जावा असे म्हणणेही आता जपूनच म्हणावे लागते. कारण त्याच्यावर जगणारे राखणदारही मग उपाशी मरतील.

यंदाही दिवाळीची जळमटे आपण काढूच आणि रवाही चाळूच. घर ते घर. पण चाळणीत ती अळी दिसली, तर मुलांना बोलावून एकदा दाखवावी आणि सांगावे, की ज्या साखरेचा हा लाडू, तिच्या उसाची राखण करायला हिचेच भाऊबंद कामी येतात.