हँडलचा दोष हँडलपाशीच असतो का?

एटीव्हीचं हँडल भरकटू लागलं की गॅरेजचा सल्ला ठरलेला असतो. टाय-रॉड एन्ड बदला, अलाइनमेंट करा, तरीही भागलं नाही तर स्टीअरिंग डॅम्पर बसवा. हे मत निराधार नाही. चिखलपाण्यात आणि दगडगोट्यांत हे जोड लवकर झिजतात, त्यांत प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो आणि तो थेट हाताला कळतो. पण हँडल डगमगतं म्हणजे जोडच झिजले, हे अनुमान न्यायशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही; त्यातला हेतू, म्हणजे खूण, व्यभिचारी ठरते. धुराला अग्नीवाचून दुसरं कारण नसतं. हँडल डगमगण्याला अनेक असतात.

पहिलं कारण हवा. कारच्या टायरमधल्या 32 पीएसआयपैकी 1 कमी झाला तर फरक जेमतेम 3 टक्के. एटीव्हीच्या फुगीर टायरमध्ये मुळात 3 ते 7 पीएसआयच्या आसपास हवा असते. 5 मधला 1 गेला की 20 टक्के गेले. कारच्या साध्या गेजवर हा फरक नीट वाचता येत नाही. त्यासाठी कमी दाबाचा वेगळा गेज लागतो.

दुसरं कारण तर हँडलपासून सर्वांत दूर असतं. यामाहा रॅप्टर 700 सारख्या स्पोर्ट एटीव्हींत मागची दोन्ही चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलवर फिरतात, त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल नसतो. उजव्या टायरचा घेर मोठा असला तर गाडी डावीकडे ओढते. आडवा लोटलेला कागदी पेला निमुळत्या बाजूकडे वळतो तशी. पुढचे सगळे जोड नवे घातले तरी हे ओढणं जाणार नाही. दोन्ही टायरना मोजायची टेप गुंडाळली की उलगडा होतो. याच अ‍ॅक्सलमुळे डांबरावर गाडी वळताना अडते, कारण मातीत चाक घसरून आतल्या आणि बाहेरच्या चाकाच्या वाटेतला फरक भागवतं, डांबर ते होऊ देत नाही. फक्त डांबरावर अडणारी गाडी म्हणूनच बिघडलेली म्हणू नये.

‘अलाइनमेंट केल्याने नुकसान तर नाही?’ असं कोणी विचारेल. आहे. जोड ढिले असताना घेतलेलं माप उभ्या गाडीचं असतं. चालत्या गाडीत चाकं जागा बदलतात. डॅम्पर दगडाचा अचानक बसणारा झटका शोषतो, संथ भरकटणं थांबवत नाही. उलट ढिल्या जोडाची खूण तो झाकतो.

म्हणून क्रम असा हवा. आधी जमीन, हवा आणि घेर. मग पुढची चाकं उचलून प्ले पाहावा. वर-खाली हलवून प्ले लागला तर बॉल जॉइंट, बुश किंवा बेअरिंग. फक्त आडवा लागला तर टाय-रॉड एन्ड किंवा स्टीअरिंगचे जोड. दोन्हींकडे लागला तर संशय आधी बेअरिंगवर. चाकं खाली टेकवून दुसऱ्याला हँडल थोडं थोडं हलवायला सांगावं आणि प्रत्येक जोडावर बोट ठेवावं. ढिला जोड बोटाला सापडतो. शेवटी टो, म्हणजे पुढच्या चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून किती वेगळं आहे ते. हँडल सरळ धरून अ‍ॅक्सलच्या उंचीवर दोन्ही टायरच्या मध्यावर खुणा कराव्यात, पुढून अंतर मोजावं, चाकं अर्धा फेरा फिरतील इतकी गाडी ढकलून त्याच खुणांतलं अंतर मागून मोजावं आणि फरक पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडावा.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा जोड बदलणं स्वस्त, हा शेवटचा आक्षेप. पण एका दमात तीन गोष्टी बदलल्या आणि हँडल सुधारलं, तर दोष कशात होता ते कळतच नाही. सुधारलं नाही, तर खर्च होऊनही झिजलेलं बेअरिंग तसंच फिरत राहतं.