बारानंतरचा दरवाजा

बुडापेस्टला जायचं ठरलं ते इतिहासासाठी अजिबात नाही. शुक्रवारी लॅपटॉप मिटायचा, म्युनिकहून सात तासांची ट्रेन पकडायची, दोन रात्री खायचं-प्यायचं-नाचायचं आणि सोमवारी स्टँडअप मीटिंगला शहाण्यासारखं हजर व्हायचं, एवढाच आम्हा चौघांचा प्लॅन. बिअर म्युनिकपेक्षा स्वस्त, हे त्यामागचं अर्थशास्त्र.

राहायची जागा सातव्या जिल्ह्यात घेतली होती, कारण सगळे बार तिथेच. पोहोचेपर्यंत मध्यरात्र झाली. दरवाज्याशेजारच्या छोट्या पेटीचे आकडे जुळवून किल्ली काढली, जड लाकडी दरवाजा ढकलला आणि मी तिथेच थांबलो. मध्ये चौक. चारही बाजूंनी मजले. प्रत्येक मजल्यावर लोखंडी कठड्याची उघडी गॅलरी आणि त्या गॅलरीत ओळीने सगळ्यांची दारं. अरे, ही तर आजीची गिरगावातली चाळ! फक्त वाळत घातलेले कपडे आणि कॅरमचा आवाज नव्हता.

या गॅलरीला तिथे 'गांग' म्हणतात. 1873 मध्ये बुडा, ओबुडा आणि पेश्त ही तीन गावं मिळून बुडापेस्ट झालं आणि पुढच्या काही दशकांत ते भयंकर वेगाने वाढलं. भाड्याने द्यायला म्हणून अशा इमारती धडाधड उठल्या. रस्त्याकडेचे मोठे, उंच छताचे फ्लॅट पैसेवाल्यांचे. मागे गांगवर उघडणाऱ्या खोल्या कामगार, शिंपी, छोटे दुकानदार यांच्या. आणि खाली दरवाज्यापाशी राहायचा 'हाझमेश्तेर', म्हणजे इमारतीचा राखणदार. तो रात्री दरवाजा बंद करायचा. उशिरा येणाऱ्याने घंटा वाजवायची आणि दार उघडल्याबद्दल त्याच्या हातावर पैसे ठेवायचे. या पैशांना वेगळं नावच होतं: 'कापूपेंझ', दरवाज्याचे पैसे. तेव्हा रात्रभर मजा मारून घरी येणाऱ्याचं बिल असं शेवटच्या पायरीवर पूर्ण व्हायचं. हे वाचलं तेव्हा मला फार गंमत वाटली होती. पुढे ती गंमत टिकली नाही.

शनिवार खाण्यात गेला. लांगोश हा तळलेला मैद्याचा पदार्थ. भटुरा मोठा करून त्यावर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज घातलं तर जवळपास तेच. गुयाश आम्हाला घट्ट रस्सा वाटत होता, तर तिथे ते चक्क सूप. त्यातला लाल रंग पाप्रिकाचा, म्हणजे मिरचीचाच. अमेरिकेतली मिरची हंगेरीत पोहोचली ती तुर्कांच्या वाटेने आणि आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर, गोव्यातून. आमच्यातला नागपूरकर मात्र ठाम होता की असल्या मिरचीला मिरची म्हणणं हा तिखटाचा अपमान आहे.

मग दोब रस्त्यावरच्या एका कोशर मिठाईच्या दुकानापाशी गेलो तर ते बंद. शनिवार, साबाथ. तेव्हा लक्षात आलं की आपण ज्यूंच्या वस्तीत राहतोय. दुपारी शेजारच्या हॉटेलात 'शोलेत' मागवलं. नावावरून आमचे जे व्हायचे ते सगळे विनोद झाले. शोलेत म्हणजे राजमा-बार्लीची दाट भाजी, त्यात बदकाचं मांस आणि अख्खी अंडी. साबाथला विस्तव पेटवायचा नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच भांडी बेकरीवाल्याच्या भट्टीत ठेवून यायची आणि शनिवारी गरमागरम घरी आणायची. रात्रभर मंद आचेवर शिजलेली चव काय असते ते सांगून कळणार नाही.

ही वस्ती इथे का झाली? अठराव्या शतकात ज्यूंना पेश्तच्या तटाच्या आत राहायला परवानगी नव्हती. म्हणून व्यापाराला आलेले लोक तटाबाहेर, किराय रस्त्याच्या तोंडाशी वसले. 1859 मध्ये जवळच दोहान्य रस्त्यावर सुमारे 3,000 आसनांचं सिनेगॉग उभं राहिलं. 1867 मध्ये ज्यूंना समान नागरी हक्क मिळाले आणि 1910 पर्यंत बुडापेस्टमधल्या दर शंभर माणसांतली 23 ज्यू होती.

शनिवारची रात्र सिम्प्ला केर्तमध्ये. 'रोमकोच्मा', म्हणजे पडक्या इमारतीतला बार, ही बुडापेस्टची खासियत आणि काझिन्त्सी रस्त्यावरचं हे सिम्प्ला त्यातलं सगळ्यात गाजलेलं. पोपडे उडालेल्या भिंती, कापून सोफा केलेला बाथटब, चौकात उभी एक जुनी त्राबांट गाडी. तीही गांगवाली इमारतच. वर गॅलरीत टेबलं, खाली चौकात गर्दी. आम्ही खूप नाचलो. ते नाकारून उगाच गंभीर चेहरा करण्यात अर्थ नाही.

अडीचला परत आलो. आमच्यातल्या एकाला चौकातल्या घुमणाऱ्या आवाजाची फार मजा वाटली आणि त्याने 'झिंगाट' सुरू केलं. आम्ही साथ दिली. दुसऱ्या मजल्यावर एक दार उघडलं. गाऊनमधली एक म्हातारी बाई कठड्याला धरून उभी राहिली. ओरडली नाही, हातवारे केले नाहीत. नुसती बघत राहिली. आम्ही 'सॉरी सॉरी' करत हसत वर पळालो. जिन्यात इंग्रजीत चिकटवलेला कागद मी सकाळी वाचला: रात्री शांतता पाळा, इथे माणसं राहतात.

बाईंचं वय ऐंशीच्या पुढचं असावं. मी मनात साल मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. त्यांचं काय आयुष्य होतं हे मला माहीत नाही आणि अंदाज करायचा मला काही हक्क नाही. पण रस्त्याचं काय झालं ते नोंदलेलं आहे.

19 मार्च 1944 ला जर्मन सैन्य हंगेरीत शिरलं. 15 मे ते 9 जुलै, म्हणजे आठ आठवड्यांत, राजधानीबाहेरच्या सुमारे 4,37,000 ज्यूंना हद्दपार केलं गेलं, बहुतेकांना ऑश्विट्झला. जूनमध्येच बुडापेस्टच्या ज्यूंना ठरवून दिलेल्या सुमारे 2,000 इमारतींत कोंबलं. दरवाज्यावर काळ्या पाटीवर पिवळा षट्कोनी तारा. ठरावीक तासांपुरतंच बाहेर पडता येई. आणि दरवाज्याची किल्ली? हाझमेश्तेरकडे. कुणी पैसे घेऊन भाजी आणून दिली, कुणी पैसे न घेता माणसं लपवली, कुणी यादी उचलून पोलिसांच्या हातात ठेवली. युद्धानंतर अशा राखणदारांच्या चौकशाही झाल्या. एक साधी घंटा, एक किल्ली, आणि पूर्वी फक्त चार नाणी मागणारा माणूस.

ऑक्टोबरमध्ये ॲरो क्रॉस या हंगेरियन फॅसिस्ट पक्षाने सत्ता घेतली. डिसेंबरमध्ये या भागाभोवती कुंपण घालून घेट्टो बंद झाला. पाव चौरस किलोमीटरच्या आसपास जागेत जवळजवळ 70,000 माणसं. जानेवारी 1945 मध्ये सोव्हिएत सैन्य पोहोचलं, तेव्हा क्लाउझाल चौकात प्रेतांचे ढीग होते. दोहान्य सिनेगॉगच्या अंगणात 2,000 हून जास्त माणसं पुरलेली आहेत. ज्यू परंपरेत सिनेगॉगला लागून दफन करत नाहीत. इथे दुसरा इलाज उरला नव्हता.

रविवारी ते दुकान उघडं मिळालं. फ्लोद्नी घेतली: खसखस, अक्रोड, सफरचंद आणि प्लमचा मुरांबा असे थर असलेला केक. खात खात पुढे गेलो तर दोब रस्त्यावरच कार्ल लुट्झ यांचं स्मारक. हे स्विस उपवाणिज्यदूत. त्यांना 8,000 ज्यूंसाठी संरक्षणपत्रं देण्याची परवानगी मिळाली होती. त्यांनी 8,000 चा अर्थ माणसं नव्हे, कुटुंबं असा लावला. मग 1 ते 8,000 हेच क्रमांक पुन्हा पुन्हा वापरून पत्रं छापत राहिले, म्हणजे तपासणाऱ्याला आकडा कधी 8,000 च्या पुढे दिसूच नये. एकच क्रमांक दोन नोंदींना लागला म्हणून मी ऑफिसात रात्र रात्र जागलोय. इथे तीच 'चूक' मुद्दाम केली होती आणि तिच्यावर हजारो माणसं जगली. मायदेशी परतल्यावर अधिकाराबाहेर गेल्याचा ठपका लुट्झ यांच्यावर आला.

मग इमारती पडक्या का झाल्या? युद्धानंतर त्या सरकारच्या मालकीच्या झाल्या आणि दुरुस्तीकडे कुणी पाहिलं नाही. 1990 नंतर काही बिल्डरांकडे गेल्या, भाडेकरू हलवले गेले, पाडापाडी सुरू झाली. 2004 मध्ये 'ओवाश' नावाच्या नागरिक गटाने त्याविरुद्ध आवाज उठवला. पाडण्याची वाट बघत रिकाम्या पडलेल्या अशाच जागा स्वस्तात घेऊन बारवाले आत शिरले. त्यामुळे भिंती वाचल्या, हे मला मान्य आहे. गिरगावातली आमची चाळ वाचवायला तर कुणी बारवालाही आला नाही. तिथे आता बाविसाव्या मजल्यावर पार्किंग आहे. पण भिंतींच्या आतल्या माणसांचं काय, याचं उत्तर बारमध्ये मिळत नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये या जिल्ह्यात सार्वमत झालं: मध्यरात्रीनंतर सकाळी सहापर्यंत बार बंद ठेवायचे का? मतदान इतकं कमी झालं की निकालच ग्राह्य धरला गेला नाही. शेजारच्या सहाव्या जिल्ह्याने 2024 मध्ये आमच्यासारख्यांना दोन-चार रात्रींसाठी घरं देण्यावरच बंदी घालायचा कौल दिला, तोही थोडक्या फरकाने.

निघताना मी फ्लोद्नीचा एक डबा दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेलो. दार वाजवलं. आतून टीव्हीचा आवाज येत होता, पण कुणी उघडलं नाही. का उघडावं? डबा दाराशी ठेवावा की नाही यावर आमच्यात कुजबुजत वाद झाला आणि शेवटी तो आम्ही ट्रेनमध्ये खाल्ला.

खाली मोठा दरवाजा आपोआप धाडकन बंद होतो. नागपूरकराने तो दोन्ही हातांनी धरून हळूहळू टेकवला. मी किल्ली पेटीत ठेवली आणि आकडे फिरवून टाकले.